तिघांना पाटी माफ

हिंजवडीत आजारी पडायचं तर ते आधी कॅलेंडरवर टाकावं लागतं. घर फेज थ्रीला, नेहमीचे डॉक्टर वाकडला आणि मधे शिवाजी चौक. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ताप तरी उतरलेला असतो, नाहीतर दवाखाना तरी बंद झालेला असतो. त्यामुळे इथला माणूस डॉक्टरांकडे जात नाही, 'मेडिकल'मध्ये जातो. टॉवर तिथे मेडिकल हा इथला अलिखित बांधकाम नियम आहे. रात्री नऊनंतर तिथली गर्दी बघण्यासारखी असते. गळ्यात कंपनीचं आयकार्ड, कानात इअरफोन, पलीकडून अमेरिकेतला क्लायंट बोलतोय आणि हा भला माणूस तोंडातून अक्षर न काढता मेडिकलवाल्या दादांना बोटाने आधी कपाळ दाखवतो, मग नाक, मग कंबर. दादा मान डोलावतात आणि काउंटरवर तीन पट्ट्या ठेवतात. बोलणं शून्य, निदान पूर्ण.

मंडईत भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय पाव किलोसुद्धा न घेणारी ही माणसं. पण औषधाच्या बाबतीत त्यांचा भोळेपणा संतांना लाजवील असा. चुकून कुणी विचारलंच, की दादा, यात काय आहे, तर उत्तर ठरलेलं.

"सर्दीची आहे, सर."

"हो, पण आत काय आहे?"

"चांगली आहे सर. सगळे हीच नेतात."

आता आत काय आहे ते पट्टीवर लिहिलेलं असतंच की, असं तुम्ही म्हणाल. असतं. पण ते वाचून दाखवा. दर्शनी बाजूला लाल-निळ्या ढंगात औषधाचं व्यापारी नाव, त्याच्या शेपटाला दोन-चार इंग्रजी अक्षरं. मागे चंदेरी कागदावर मुंग्यांच्या आकाराची वस्ती. त्यात घटकांची नावं, प्रत्येकापुढे 'आय.पी.', मग मिलिग्रॅम, मग 'एक्सिपियंट्स क्यू.एस.', मग गोळीला रंग कशाने आणला त्याची कबुली. त्याखाली 'डोस : ॲज डायरेक्टेड बाय द फिजिशियन', म्हणजे ज्या डॉक्टरांना टाळून आपण इथे आलो त्यांनाच विचारा. आणि दादा पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून देतात तेव्हा नेमकं नाव त्यांच्याकडे राहतं आणि आपल्या वाट्याला येतं '...मॉल आय.पी. ...एमजी' आणि बॅच नंबरचं अर्धं शेपूट. एक्सपायरीची तारीख उरलेल्या सहा गोळ्यांबरोबर बरणीत.

आता त्या तीन पट्ट्यांचा हिशेब करू. कपाळासाठी दिलेली तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल, ६५० मिलिग्रॅम. करोनापासून हा आकडा घरातल्या शेंडेफळालाही पाठ आहे. नाकासाठी दिलेल्या सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं फिनाइलेफ्रिन, झोप आणणारं क्लोरफेनिरामाइन आणि सोबत पॅरासिटामॉल, समजा ५००. कंबरेसाठी दिलेल्या दुखण्याच्या गोळीत आयब्युप्रोफेन आणि पुन्हा पॅरासिटामॉल, ३२५. तिन्ही एकदम घेतल्या की १,४७५ मिलिग्रॅम. दिवसातून तीनदा घेतल्या की ४,४२५. धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅमची, आणि त्यापुढे यकृताचं कामकाज बिघडण्याचा धोका वाढतो. हा आमचा इंजिनिअर तीन वेगळी औषधं घेतोय अशा समजात एकच औषध तीन नावांनी घेत असतो. कोडमध्ये एकच ओळ तीनदा आली तर तो रात्रभर झोपत नाही. इथे मात्र शांत झोपतो, क्लोरफेनिरामाइनमुळे.

सरकारला हे कळत नाही असं नाही. प्रिस्क्रिप्शनवर मिळणाऱ्या संयुक्त गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमच्या वर नको, असं २०११ सालीच सांगून झालं, कारण हेच, यकृत. आणि गोळीचं खरं नाव लोकांना दिसावं म्हणून नियमही आहे. औषध नियम, १९४५, यातला नियम ९६. औषधाचं मूळ नाव, म्हणजे ज्याला आपण जेनेरिक नाव म्हणतो ते, व्यापारी नावापेक्षा ठळक असावं, असं तो पूर्वीपासूनच सांगत होता. कंपन्यांनी 'ठळक' या शब्दाचा अर्थ आपापल्या सोयीने लावला. मग १३ मार्च २०१८ ला अधिसूचना निघाली की मूळ नाव त्याच फाँटमध्ये, पण व्यापारी नावापेक्षा किमान दोन फाँट साइझ मोठं छापलं पाहिजे. त्याच वर्षी १३ सप्टेंबरपासून ते लागू झालं.

आमच्या मजल्यावर एक गृहस्थ सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा महिन्याला पगार घ्यायचा, असा पुण्याच्या मातीला साजेसा व्यवसाय. लिफ्ट बंद असलेल्या एका संध्याकाळी जिन्यावर त्यांना हा नियम वाचून दाखवला, तर ते पायरीवर बसलेच.

"त्याच फाँटमध्ये म्हणालेत. रंगाचं काय?"

रंगाबद्दल त्या वाक्यात चकार शब्द नाही.

"म्हणजे ब्रँड गर्द लाल आणि मूळ नाव फिकट राखाडी, चंदेरी कागदावर. टेस्ट केस पास! आणि दोन साइझ मोठं म्हणजे कुणापेक्षा? ब्रँडपेक्षा. ब्रँडच बारीक छापला तर दोन्ही दिसणार नाहीत, तरी पास. पुढे वाचा."

पुढे अपवाद होता. हा दोन साइझचा नियम एकट्या औषधाला लागू, दोन औषधांच्या मिश्रणाला लागू. पण जीवनसत्त्वांची मिश्रणं आणि तीन किंवा त्याहून जास्त औषधांची मिश्रणं यांना लागू नाही. नावं त्यांचीही छापावीच लागतात, फक्त ती मोठी छापण्यातून सूट आहे.

टेस्टर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जिथे युजर गोंधळणार, बरोबर तिथलंच व्हॅलिडेशन काढलंय की हो."

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे दुखणं चटकन कळतं, कारण हा शेवटी दारावरच्या पाटीचा प्रश्न आहे. व्यापारी नाव म्हणजे बंगल्याचं नाव. 'मातृछाया', 'श्रमसाफल्य' किंवा हिंजवडीत असाल तर एखादं स्पॅनिश वाटणारं काहीतरी. ते कितीही गोड असलं तरी आत राहतं कोण, ते त्याच्यावरून कळत नाही. ते कळतं आडनावाच्या पाटीवरून. औषधांनाही आडनावं असतात बरं का. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० च्या दशकापासून ती पद्धतशीर लावून दिली आहेत. कर लागला की गाव समजावं, तसं 'प्रिल' आलं, 'सार्टन' आलं की रक्तदाबाचं घराणं. 'स्टॅटिन' आलं की कोलेस्टेरॉलवाले. 'प्राझोल' आलं की ॲसिडिटीवाले. एकटा माणूस राहत असेल तर सरकार म्हणतं, पाटी मोठी लावा. नवरा-बायको दोघं असतील तरी मोठी लावा. पण तीन भाऊ एकत्र राहत असतील तर म्हणतं, जाऊ द्या, मावणार नाही, कुठेतरी मागच्या भिंतीवर बारीक लिहा. अहो, पोस्टमन चुकणार तो तिथेच ना!

आणि मावत का नाही? एखाद्या पेठेतल्या माणसाला हे काम दिलं असतं तर त्याने तेवढ्याच पट्टीवर ठसठशीत लिहिलं असतं : 'यात पॅरासिटामॉल आहे. तापाची गोळी घेतली असल्यास पुन्हा हिची गरज नाही. डोकं आपलं, यकृतही आपलंच. दुकानदाराशी वाद घालू नये.' जागा उरली असती.

नावं मोठी छापायची नसल्यामुळे मग शेपटाच्या अक्षरांवर कारभार चालतो. ही अक्षरं म्हणजे औषधांच्या जगातल्या व्हर्जन नंबरांसारखी वाटतात, पण व्हर्जन नंबरला निदान काही क्रम असतो. 'एसपी' लागलं की दुखण्याच्या गोळीत ॲसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशियोपेप्टिडेज. 'डीएसआर' लागलं की ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये सावकाश सुटणारं डॉमपेरिडोन. 'सीव्ही' म्हणजे क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. 'एच' म्हणजे बहुधा लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, 'एएम' म्हणजे ॲम्लोडिपिन. इथवर ठीक. पण 'एम' म्हणजे काय? मधुमेहाच्या गोळीमागे आलं तर मेटफॉर्मिन, ॲलर्जीच्या गोळीमागे आलं तर माँटेल्युकास्ट. 'डी'चं तेच, ॲसिडिटीत डॉमपेरिडोन आणि कॅल्शियमच्या गोळीत जीवनसत्त्व. 'प्लस' म्हणजे काहीतरी अधिक, पण काय अधिक ते मागे वाचा. 'फोर्ट' म्हणजे जोरदार. कशापेक्षा जोरदार, विचारू नका.

घरातली ज्येष्ठ मंडळी या सगळ्याच्या पलीकडे पोचलेली असतात. लेक-जावयाकडे लातूरहून, साताऱ्याहून राहायला आलेल्या आजी गोळ्या ओळखतात त्या रंगावरून. "ती गुलाबी बीपीची, लांबुडकी शुगरची, आणि ती पिवळी... ती कशाची गं? पण ती घेतली की बरं वाटतं." इतकी वर्षं हे बिनचूक चालतं. मग एके दिवशी घरपोच औषधं देणाऱ्या ॲपवरून दुसऱ्या कंपनीची बीपीची गोळी पांढरी येते आणि शुगरची गुलाबी. आजी गुलाबी गोळी बीपीची म्हणून घेतात, पांढरी 'आपली नव्हे' म्हणून परत पाठवायला ठेवतात, आणि जावई मात्र ऑफिसात बसून 'डेटा इंटिग्रिटी' या विषयावर प्रेझेंटेशन देत असतो.

ब्रँडची नावंच काढून टाकावीत, हा विचार काही कालचा नाही. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ साली तसं सुचवलं होतं, टप्प्याटप्प्याने. १९८१ मध्ये ॲस्पिरिन, ॲनाल्जिन वगैरे मोजून पाच औषधांपुरता तो टप्पा उचललाही गेला. कंपन्या कोर्टात गेल्या. पन्नास वर्षं झाली, टप्पा अजून तिथेच आहे. एकमेकांशी मिळत्याजुळत्या नावांचा घोळही कोर्टापर्यंत गेला. मलेरियावरच्या 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या दोन नावांच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली बजावलं की औषधांच्या बाबतीत नामसाधर्म्य जास्त कडकपणे तपासा, इथे गोंधळ झाला तर जिवावर बेतू शकतं. भांडणाऱ्या दोन्ही कंपन्यांचं नाव कॅडिला होतं, हे त्यातलं आणखी एक नामसाधर्म्य.

मिश्रणांचीच झाडाझडती घेण्याचा मान मात्र मराठी मुलखाकडे आला. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे, ज्यांचं फार्माकॉग्नोसीचं पुस्तक घोकून फार्मसीची पोरं पास होतात, त्यांच्या समितीच्या अहवालावरून मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पुन्हा तपासा असा आदेश झाला, या वेळी उपसमिती मुंबईच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांची. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी. म्हणजे ज्या महिन्यात दोन फाँट साइझचा नियम लागू झाला, त्याच महिन्यात. त्यात घराघरातलं सॅरिडॉनही सापडलं होतं, पण जुनं मिश्रण म्हणून ते कोर्टातून सुटून आलं. त्यात प्रोपिफेनाझोन, पॅरासिटामॉल आणि कॅफीन असे तिघे आहेत. तीन पिढ्यांनी ते घेतलं, पण त्या तिघांची नावं विचारली तर घरात कुणाचं तोंड उघडणार नाही. पुढे जून २०२३ मध्ये आणखी १४ मिश्रणं गेली, ऑगस्ट २०२४ मध्ये १५६. आता मेख अशी की बंदी येते ती मिश्रणाच्या मूळ नावांवर, उदाहरणार्थ 'ॲसिक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम अधिक पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम'. आपल्या कपाटात असतो तो ब्रँड. पेपरात बंदीची यादी वाचून आपण 'बरं झालं' म्हणतो, आणि पाणी पिऊन तीच गोळी घेतो.

डॉक्टरांनीच मूळ नाव लिहिलं तर? तेही करून झालं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला नियम काढला की डॉक्टरांनी जेनेरिक नावानेच औषध लिहून द्यावं. डॉक्टर खवळले, आणि २३ ऑगस्टला नियमाला स्थगिती मिळाली. तीन आठवडे. हिंजवडीत वाहतूक वळवण्याचा 'प्रायोगिक' बदलसुद्धा याहून जास्त टिकतो. बरं, डॉक्टरांनी ब्रँड लिहिला आणि मेडिकलवाल्याला वाटलं की त्याच घटकाची स्वस्त गोळी द्यावी, तर चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांत तसं परस्पर बदलून देणं नियमात बसत नाही. म्हणजे लिहिणारा ब्रँड लिहितो, देणाऱ्याने ब्रँडच द्यायचा, आणि घेणाऱ्याला ब्रँडशिवाय काही वाचता येत नाही. या चक्रातून बाहेर पडायचा रस्ता हिंजवडी फ्लायओव्हरलाही सापडणार नाही.

मग आमच्या परिसराला शोभेल असा उपाय निघाला, क्यूआर कोड. सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा झाला. स्कॅन केला की मूळ नाव, ब्रँड, कारखानदार, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, सगळं दिसावं असा हेतू. हेतू उत्तम. पण तो टिचभर कोड पट्टीच्या चकाकत्या, सुरकुतलेल्या पाठीवर असतो, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बरोबर त्याच्यावर पडतं, आणि कात्री फिरली असेल तर निम्माच हाती येतो. खात्रीने स्कॅन होणारा एकच क्यूआर दुकानात असतो, तो काउंटरवर, पैशांचा.

मूळ नावाची किंमत हिंजवडीकरांना कळते ती परदेशी गेल्यावर. मुलगा ऑनसाइटला निघाला की आई औषधांची पिशवी भरते. तीन महिन्यांत ती संपते आणि तो तिथल्या दुकानात आपल्या ब्रँडचं नाव सांगतो. समोरचा नम्रपणे खांदे उडवतो. ब्रँड विमानात बसत नाही. घटकाचं नाव ठाऊक असेल तर काम होतं. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटॅमिनोफेन म्हणतात एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आणि हे सगळं कुठे, तर जिथे औषधं तयार होतात तिथे. इथून जवळच पिंपरीत १९५४ साली सरकारची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आणि आजही त्या भागातले लोक पत्ता सांगताना 'एच.ए. कंपनी' म्हणतात. फेज टूच्या बायोटेक पार्कातल्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला २०२२ साली मान्यता मिळाली, त्या तंत्राची भारतात तयार झालेली ती पहिलीच लस. रेणूंची रचना बदलणारी माणसं आणि 'पिवळी गोळी द्या' म्हणणारी माणसं एकाच सिग्नलला उभी असतात.

संयुक्त गोळ्या वाईटच असतात असं कुणी समजू नये. क्षयरोगात, एचआयव्हीत, रक्तदाबात दोन-तीन औषधं एका गोळीत आल्याने रोग्याचा जीव हलका होतो आणि डोस चुकत नाही. तक्रार मिश्रणाबद्दल नाही, त्यातले घटक आपल्यापासून दडून राहतात त्याबद्दल आहे. तेव्हा सरकारला एवढंच सांगणं आहे की तिघांना दिलेली सूट काढा. आडवी मावत नसतील तर नावं एकाखाली एक छापा, काळ्या शाईत छापा, आणि ब्रँड लहान झाला तर होऊ द्या. आणि निदान पॅरासिटामॉल ज्या ज्या पट्टीत आहे तिथे तो एक शब्द चष्म्याशिवाय दिसेल असा असू द्या.

तोपर्यंत आपण काय करायचं ते सोपं आहे. पट्टी कापून घेताना नाव आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्या. मागची मुंग्यांची वस्ती फोनच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचा, फोन त्यासाठीही चालतो. डॉक्टरांना चिठ्ठीवर ब्रँडच्या शेजारी घटकांची नावं लिहायला सांगा. आणि एकाच वेळी दोन पट्ट्या घेताना मेडिकलवाल्या दादांना एक प्रश्न जरूर विचारा : "दादा, या दोन्हींत एकच औषध नाही ना?" ते पट्टी उलटून बघतील, कारण बघितल्याशिवाय हे त्यांनाही सांगता येत नाही. ते बघेपर्यंत मागच्या रांगेने थांबावं. रांगेत थांबायची सवय हिंजवडीकरांना आहेच.